खोड सांगून विकावी

बैलाला खोड असते आणि गाडीला डिफेक्ट असतो. म्हटलं तर दोन्ही एकच. पण खोड म्हटलं की लगेच विचारतात, कुणाच्या बैलाची? डिफेक्ट म्हटला की तो जणू कुणाचाच नसतो, पावसासारखा वरून पडलेला असतो. पुतण्याच्या मोटरसायकलीपायी गेली तीन वर्षं मी या दोन शब्दांच्या मध्ये अडकलोय, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी बैलाचं. आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-भुईगावच्या बाजूला, वाड्यांना पाणी रहाटानं काढायचे. बावखलावर नाहीतर विहिरीवर रहाट, त्याला बैल किंवा रेडा, आणि मागून हाकायला एखादं पोर. लहानपणी ते पोर मीच असायचो. रहाटाला गरीब स्वभावाचा बैल लागतो. गोल गोल फिरायचं, वाट तर कुठं जात नाही, तापट जनावराला ते सोसत नाही. आजोबा बैल आणायला मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेला जायचे. तिथं व्यवहार रुमालाखाली बोटं धरून. व्यापारी आपणहून खोड सांगेल अशी कुणाची अपेक्षाच नसे. दात बघा, खूर बघा, चालवून बघा. घेणाऱ्यानं स्वतःचे डोळे सोबत घेऊन जायचे.

तोच बैल पुढं गावात विकायचा झाला की मात्र रीत वेगळी. "हा डावीकडंच जुंपायचा, उजवीकडं घातला की बसतो." "मागून हात लावू नका, लाथ मारतो." हे सगळं आधी सांगायचं, मग पैशाचं बोलायचं. दहा-वीस रुपये कमी यायचे. एकदा आजी त्यावरून कुरकुरली तेव्हा आजोबा म्हणाले, "उद्या त्या घरच्या पोराला लाथ बसली तर मी त्यांच्या ओट्यावर बसू कसा?"

जुन्या काळी सगळे हरिश्चंद्र होते असा दावा नाही. खोड सांगायचे ती ज्याच्या ओट्यावर बसायचं त्याला. लांबच्या गावचा, पुन्हा तोंड न दिसणारा माणूस असला की आमच्या गावातलेही काही जण मुके होत. म्हणजे सांगण्याचं बंधन ओळखीपुरतं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं त्याचीच अडचण झाली.

आता रहाट गेले, बैल गेले, बावखलं काही बुजली, काही अजून तग धरून आहेत. वाडीत पंप आले आणि अंगणात मोटरसायकली. आमच्याकडं मोटरसायकल हे कामाचं जनावर. सोनचाफा, मोगरा अंधारात खुडायचा, टोपल्या मागच्या सीटला बांधायच्या आणि स्टेशन गाठून पहाटेच्या लोकलनं दादरचा फूलबाजार. लोकल चुकली की भाव चुकला. कुणी भाजी नेतो, कुणी दूध, कुणी अर्नाळ्याची मासळी. ज्यांची वाडी गेली त्यांची पोरं रात्रपाळीला वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत जातात, तीही याच गाड्यांवर.

पुतण्यानं हप्त्यानं नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या नावाशी या लेखाचं काम नाही. सातव्या महिन्यात गाडी चालता चालता बंद पडली. सर्व्हिस सेंटरनं फ्यूज बदलून दिला. महिन्यानं पुन्हा तेच, पुन्हा फ्यूज. तिसऱ्या वेळी पहाटे चारला खड्डा चुकवायला त्यानं हँडल वळवलं आणि गाडी बंद, सोबत दिवाही बंद. काळोखात मागून येणाऱ्या टेम्पोला हा दिसलाच नाही. शेवटच्या घटकेला टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मनगटावर निभावलं. सोनचाफा रस्ताभर झाला. पोरगा हॉस्पिटलात मला पहिलं काय म्हणाला, तर "काका, आजचा माल गेला."

गाडी आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडं आणली. त्यानं सरळ टाकी उतरवली आणि हँडलच्या मानेपाशी बोट ठेवलं. वायरिंगचा जुडगा तिथं लोखंडाला घासत होता. हँडल जितक्या वेळा वळेल तितक्या वेळा घासणार. सहा-आठ महिन्यांत वरचं प्लास्टिक झिजतं, आतली तार लोखंडाला टेकली की फ्यूज उडतो. नवा फ्यूज घातला तरी घासणं चालूच. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून वायरिंगवर चढवला आणि दोन्ही टोकांना बांधला. तीस रुपये घेतले.

"तुला आधीच कसं कळलं?" मी विचारलं.

"ही अकरावी गाडी आहे, काका." त्यानं वही काढली. अकरा नंबर, सगळ्यांपुढं एकच शब्द: मान.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर म्हणाले, अशी तक्रार पहिल्यांदाच येतेय. मग म्हणाले, तुम्ही समुद्राकाठी राहता, खारी हवा. मग म्हणाले, तुमच्याकडचे रस्ते. रस्त्यांबद्दल मी काय बोलणार? खड्डे आहेतच. पण ते कुणी टाकीखाली झाकून ठेवलेले नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. शेवटी त्यांच्या माणसानं ट्यूबचा तुकडा पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. बाहेरच्या मेकॅनिकनं वायरिंगला हात लावलाय, वॉरंटी गेली! ज्या तीस रुपयांनी पोराचा जीव सुरक्षित झाला, त्याच तीस रुपयांनी त्याचा हक्क बुडाला.

इथपर्यंत ही रोजची गोष्ट. असं कुणाकुणाचं होत असतं. मी पेटलो ते दसऱ्याला. शेजारच्या मुलानं तेच मॉडेल नवं घेतलं. गॅरेजवाल्यानं कुतूहलानं टाकी उचलून पाहिली आणि मला बोलावून घेतलं. त्याच जागी, हँडलच्या मानेपाशी, वायरिंगवर काळी जाड स्लीव चढवलेली आणि वायरिंग लोखंडापासून बोटभर लांब धरायला क्लिप. कंपनीतून आलेली. सायकलच्या ट्यूबचंच काम, पण नीटनेटकं.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. "माहीत असणं" म्हणजे काय? आजोबांना बैलाची खोड माहीत होती म्हणजे एका माणसाच्या डोक्यात ती होती. कंपनीला डोकं कुठलं? काउंटरवरच्या पोराला खरंच माहीत नसेल. जाहिरात करणाऱ्याला नसेल. पण कुठंतरी एका टेबलावर कुणीतरी जुनं ड्रॉइंग काढून नवं ठेवलं, क्लिपची ऑर्डर दिली, कुणी सही केली. नव्या गाड्यांपुरतं ते ज्ञान कामाला लागलं आणि जुन्या गाड्यांपुरतं ते नव्हतंच. उद्याच्या गिऱ्हाइकाशी प्रामाणिक आणि कालच्याशी मुकं, असं एकाच वेळी राहता येतं?

येतं, आणि मोठमोठ्यांना आलं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही मोटारींचा किल्लीचा स्विच सैल होता. धक्का लागला की किल्ली फिरे, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसे. २०१० साली जॉर्जिया राज्यात एक तरुणी अशा गाडीत गेली. तिच्या आईबापांच्या वकिलानं फ्लोरिडातल्या एका इंजिनिअरला तपासाला लावलं. त्यानं तिच्या गाडीतला स्विच सोडवला, शिवाय दुकानातून नवा विकत आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. वरून पार्ट नंबर एकच, आतली रचना निराळी. २००६ सालीच कंपनीच्या इंजिनिअरनं तो भाग सुधारायला मंजुरी दिली होती, पण नंबर बदलला नव्हता. नंबर बदलला असता तर जुना आणि नवा वेगळा हे कागदावर दिसलं असतं. गाड्या परत बोलावल्या २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनंच १२४ मृत्यू त्या स्विचच्या नावे मान्य केले. ही हकीकत वाचली तेव्हा मला तो फ्लोरिडाचा इंजिनिअर आमच्या नाक्यावर, टाकी मांडीवर घेऊन बसलेला दिसला.

आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत, तीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला होते. त्यांच्याशी यावर माझं कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं असं: "अहो, कुठलाही कारखाना दर महिन्याला काहीतरी सुधारत असतो. प्रत्येक सुधारणा म्हणजे जुन्या मालाच्या गुन्ह्याची कबुली असं तुम्ही धरलंत, तर उद्या कुणी सुधारणाच करणार नाही. स्लीव घातली हा त्यांचा चांगुलपणा. त्याचाच पुरावा करून त्यांना फासावर देता?"

हा मुद्दा खोटा नाही. दोन दिवस मला त्याचं उत्तर सापडत नव्हतं. आरशाचा नट बदलला, सीटचा रेक्झिन बदलला म्हणून कुणी लाखभर लोकांना पत्रं पाठवावीत असं मीही म्हणणार नाही. आजोबासुद्धा बैलाची प्रत्येक सवय सांगत बसत नव्हते. बैल आळशी आहे हे घेणाऱ्याला आठवड्यात कळतं आणि तेवढ्यात कुणाचं मोडत नाही. लाथ मारणारा आहे हे मात्र आधीच सांगायला हवं, कारण ते कळण्याची वेळ आणि पोर जखमी होण्याची वेळ एकच असते. चालत्या गाडीचा दिवा काळोखात जाणं ही लाथ आहे. शिवाय बैलाचे दात तरी बघता येतात. टाकीखालची वायर बघून गाडी घेणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही.

आणि वेगळं वागणाऱ्या कंपन्याही आहेत. रॉयल एनफिल्डनं मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलमध्ये दोष असू शकतो म्हणून २,३६,९६६ गाड्या तपासायला बोलावल्या. त्यांचाच अंदाज होता की दहा टक्क्यांहून कमी गाड्यांना पार्ट बदलावा लागेल. तरी बोलावल्या सगळ्या, कारण कुठल्या दहांतली एक हे बाहेरून कळत नाही. हे करून ती कंपनी बुडाली नाही. मी हे क्वालिटीवाल्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोठ्यांना परवडतं." आमच्या गाडीची कंपनी काही लहान नव्हती, पण तो विषय तिथंच राहिला.

कायद्यानंही आता हे मानलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०अ कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. दोष कंपनीच्या स्वतःच्या लक्षात आला तर तिनं सरकारला कळवून गाड्या परत बोलवायच्या, मग तिला दंड नाही. सांगणाऱ्याला माफी, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ग्राहक कायदाही नवा झाला, २०२० च्या जुलैपासून लागू. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि पुरेशी सूचना न देणं हासुद्धा मालातला दोष धरला जातो.

पण एक गोम आहे. कंपनी आपणहून बोलली नाही तर सरकारकडं ठरावीक संख्येनं मालकांच्या तक्रारी जायला लागतात. मालकांनी एकमेकांना शोधायचं कसं? कंपनीकडं प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोन, चेसिस नंबर आहे. फुकट चेकअप कॅम्पचा आणि दिवाळी ऑफरचा मेसेज बरोबर पोचतो. आमच्याकडं काय, तर गॅरेजवाल्याची वही. अकरा नंबर. वसई-विरारमध्येच तसल्या किती गाड्या असतील, मग जव्हार-मोखाडा धरा, मग अख्खा महाराष्ट्र. ज्याला सगळ्यांचे पत्ते माहीत आहेत त्याच्यावर सांगण्याचा भार सगळ्यांत जास्त, एवढं तरी न्यायाचं आहे ना?

इथं मला पुन्हा आजोबांचा ओटा आठवतो. कंपनी कुणाच्या ओट्यावर बसायला येत नाही, तिला सगळेच लांबच्या गावचे. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये याच कोड्यावर निकाल झाला होता. स्कॉटलंडात एका बाईनं मैत्रिणीनं घेऊन दिलेलं आल्याचं पेय प्यायलं आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली तिनं विकत घेतलेली नाही, कंपनीशी तिचा व्यवहार नाही, मग तिला काय देणं लागतो? लॉर्ड ॲटकिन यांनी निकाल देताना बायबलमधल्या शेजाऱ्याचाच आधार घेतला. आपल्या करण्यानं किंवा न करण्यानं ज्याला इजा होऊ शकते हे आपल्याला दिसायला हवं, तो आपला शेजारी, असा त्याचा आशय. आमच्या गावांत शोमरोनी माणसाची गोष्ट चर्चमध्ये ऐकत म्हातारे झालेले कितीतरी जण आहेत. त्यांना हे नवीन नाही. कारखान्यांना ते कोर्टानं सांगावं लागलं.

आम्ही अकरा जणांच्या वतीनं पत्र लिहिलं. मीच लिहिलं, मराठीत, रजिस्टर पोस्टानं. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हटलं की या मॉडेलच्या सगळ्या जुन्या मालकांना कळवा आणि स्लीव बसवून द्या. महिन्यानं पुतण्याला फोन आला. बाकी कुणाला नाही, फक्त त्याला, कारण मनगट त्याचं मोडलं होतं. "सद्भावना म्हणून" वायरिंग नवीन, एक वर्ष वॉरंटी वाढवून, हॉस्पिटलच्या बिलातही काही मदत. त्यानं फक्त लिहून द्यायचं की तक्रार मिटली आणि या विषयावर पुढं काही म्हणणं नाही.

तो कागद घेऊन माझ्याकडं आला. "काका, काय करू?"

मी त्याला सही करू नको म्हटलं नाही. गाडीचे हप्ते चालू, हात प्लास्टरमध्ये, वाडीत फुलं रोज उमलतात. दुसऱ्याच्या मनगटावर तत्त्व उभं करणं मला जमत नाही. त्यानं सही केली आणि ती योग्यच केली असं मी आजही मानतो. पण त्या कागदाचा डाव काय होता तेही सांगतो. ज्यानं आवाज केला त्याची गाडी दुरुस्त होते आणि ज्यांना अजून काही माहीतच नाही त्यांचा आवाज त्याच पैशात विकत घेतला जातो. भरपाई आणि सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई माझी मी सोडू शकतो. दुसऱ्याला मिळायची सूचना मी कशी सोडणार? ती माझ्या मालकीची नाही.

बाकी दहा जणांच्या पत्राला उत्तर आलं नाही. पोचपावती तेवढी शिक्का मारून परत आली.

कुणी म्हणेल, एका वायरीसाठी किती हे! त्यांना २०२२ चा सप्टेंबर आठवत असेल. आमच्याच वसईत, पूर्वेला, घरात रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि महिना संपायच्या आत गेला. कारण शोधणं तपास करणाऱ्यांचं काम, मी कुणाला दोष देत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये देशातल्या तीन कंपन्यांनी मिळून साडेसहा हजारांवर इलेक्ट्रिक स्कूटर परत बोलावल्या होत्या, आणि डिसेंबरपासून सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. आमच्या आळीत मात्र लोकांनी घरात, झोपायच्या खोलीत बॅटरी चार्ज करणं बंद केलं ते त्या मुलाची बातमी आल्यावर. चिठ्ठी नाही, फोन नाही. सूचना पोचली ती अशी.

आता राहिलं एक अवघड. वहीतल्या अकरांपैकी एकानं, पत्रावर सही केलेल्यानंच, गाडी विकली. एजंटमार्फत, जव्हारकडच्या एका पोराला. ट्यूब चढवून घेतली नव्हती आणि सांगितलंही नव्हतं. गॅरेजवर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कंपनीनं मला सांगितलेलं का? मग मी का सांगू? किंमत पडली असती."

तिथं बसलेल्या चौघांपैकी दोघांना ते पटलं. मला त्याचा राग आला, कंपनीवर आला त्याहून जास्त, आणि हा राग न्यायाचा नाही हेही मला कळतं. कंपनीनं दोष तयार केला, यानं नुसता पुढं सरकवला. कंपनीकडं लाखो रुपये, याच्याकडं पोराची फी भरायची राहिलेली. तरी लाथ मारणारा बैल हा माहीत असून जव्हारच्या दारात बांधून आला होता. त्या पोराच्या दृष्टीनं कंपनी म्हणजे हाच.

गॅरेजवाला मध्ये काही बोलला नाही. त्यानं एजंटकडून नंबर काढला आणि फोन लावला. पोरानं फ्रॉड कॉल समजून कापला. दुसऱ्यांदा "मला ओटीपी-बिटीपी काही सांगायचा नाही" म्हणून कापला. तिसऱ्यांदा मी बोललो, म्हातारा आवाज ऐकून थांबला. गाडीचा नंबर सांगितला, रंग सांगितला, टाकीवरचा ओरखडा सांगितला, तेव्हा विश्वास बसला. म्हणाला, दोनदा बंद पडलीय, घाटात. दोन्ही वेळा फ्यूज बदलला.

मग व्हिडिओ कॉल. रेंज तुटत होती. त्यानं कुणाकडून तरी पाना आणला, टाकीचे बोल्ट काढले. गॅरेजवाला इकडून सांगत होता, हँडलकडं ये, अजून वर, तिथं, आता जुडगा उलटा करून दाखव. पोरानं मोबाइलची बॅटरी लावली. वायर उघडी पडली होती, आतलं तांबं चमकत होतं.